बाळाची वही ठेवा, डार्विननं मानसशास्त्र कसं बदललं ते कळंल

घरात, भावकीत नाहीतर शेजारी दोन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर त्याच्या आईला विचारा आणि आजच एक शंभर पानी वही आणा. बी.ए., एम.ए.ची पोरं मला विचारतात की उत्क्रांतिवादाचा, म्हणजे जीव हळूहळू बदलत गेले आणि जगायला उपयोगी तेवढं टिकलं या डार्विनच्या विचाराचा, मानसशास्त्रावर काय परिणाम झाला याचं उत्तर कसं लिहायचं, आणि नोट्समध्ये बघावं तर डार्विन, गॅल्टन, जेम्स, थॉर्नडाइक अशी नावं आणि साल एकाखाली एक, पाठ होतात पण एकातून दुसरं कसं निघालं ते काही कळत नाही. मला ते कळलं भाचीची वही ठेवताना. ती सांगलीला झाली आणि मी कॉलेजसाठी ताईकडंच राहायला होतो.

ही आयडिया डार्विनचीच. त्याचा थोरला मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरमध्ये जन्मला आणि बापानं पहिल्या आठवड्यापासून लिहायला घेतलं, शिंक, उचकी, जांभई, आळोखेपिळोखे सगळं. सातव्या दिवशी तळपायाला कागदाचा तुकडा लावला तर पोरानं पाय झटकन ओढला आणि बोटं आवळली. साडेचार महिन्यांचा असताना आरशातल्या बापाकडं बघून हसायचा आणि आवाज मागून आला की चकित व्हायचा, पण पुढच्या दोन महिन्यांच्या आतच आरशात वेडंवाकडं तोंड दिसलं की वळून खऱ्या बापाकडं बघायला लागला. बरोबर एक वर्षाचा झाल्यावर त्यानं खाण्यासाठी स्वतःच एक शब्द काढला, ‘मम’! आपल्याकडं भाताला मंमं म्हणत म्हणत मोठं झालेल्या प्रत्येकानं हे वाचावं असं मला वाटतं. या नोंदी त्यानं १८७७ ला ‘माइंड’ मासिकात छापल्या.

आता वही. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडं तारीख, बाळाचं वय दिवसांत, आणि फक्त डोळ्यांना दिसलं ते. ‘रागावली’ लिहू नका, ‘कपाळाला आठ्या, मुठी आवळल्या, मग रडली’ असं लिहा. उजवी बाजू कोरी सोडा, ती आठवड्यानं भरायची आणि तिथं एकच प्रश्न, हे कशाच्या उपयोगाचं?

सगळा इतिहास या उजव्या बाजूत आहे बघा. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ पुस्तकाच्या शेवटी डार्विननं लिहिलंच होतं की पुढं मानसशास्त्र नव्या पायावर उभं राहील. वुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८७९ ला लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तिथं अनुभव कशाकशाचा बनलाय ते शोधायचे, पण अमेरिकेत विल्यम जेम्सनं १८९० ला प्रश्नच बदलला, मन जगायला काय मदत करतं? कार्यवाद, म्हणजे मनाचं काम काय ते बघायचं, म्हणून आपण जो शिकतो तो इथूनच सुरू होतो.

डाव्या बाजूची शिस्त मात्र जनावरांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या लॉइड मॉर्गनकडून घ्या. डार्विननंतर रोमेन्स वगैरे मंडळींनी जनावरांच्या हुशारीचे किस्से गोळा केले, माणूस आणि जनावर यांच्यात फरक असला तर कमीजास्तीचाच हे दाखवायचं होतं त्यांना. मॉर्गनचा कुत्रा टोनी फाटकाच्या कडीखाली डोकं घालून कडी उचलायचा, बघणारा म्हणणार काय डोकंय! पण मॉर्गननं पहिल्यापासून बघितलेलं, कुत्रं बाहेर बघायला इथं तिथं गजातून डोकं घालायचं, एकदा चुकून कडी उचलली गेली, आणि नेमकं तिथंच जायला त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. म्हणून १८९४ ला त्यानं नियम घातला, साध्या गोष्टीनं उलगडा होत असेल तर वरच्या बुद्धीचं नाव घ्यायचं नाही. आमच्या वस्तीवरची शेळीही कडी काढते आणि आजी म्हणते तिला सगळं कळतं, मी आता गप बसून पहिला दिवस आठवतो. मग १८९८ ला थॉर्नडाइकनं मांजरं पेटीत कोंडून दर वेळी सुटायला किती वेळ लागतो ते मोजलं. धडपडी भरपूर, त्यातली कामाची तेवढी टिकते, म्हणजे निसर्ग निवडतो तसंच झालं की हे! याच वाटेवर पुढं १९१३ ला वॉटसननं दिसतं ते वर्तनच अभ्यासायचं असा वर्तनवाद मांडला आणि नंतर स्किनरनं तो पुढं नेला.

आणखी एक, बाळ तुमच्याकडं बघत नसताना लिहा आणि मोबाईल समोर धरू नका. डार्विननं १८६७ च्या सुमारास चेहऱ्यावरच्या भावांबद्दल प्रश्नांची यादी जगभर पाठवली, त्यातली एक आपल्या तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अर्स्किन नावाच्या साहेबाकडं होती, आणि त्याला धड काही ठरवणं फार अवघड गेलं कारण गोऱ्या माणसासमोर लोक भावना लपवायचे. बघणाऱ्यामुळं समोरचं बदलतं हे मी यातून शिकलो.

आठ नऊ महिन्यांचं लेकरू परका माणूस दिसला की भोकाड पसरतं, आईला चिकटतं. हे पान नीट भरा. बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञानं, बदकांची पिलं जन्मल्यावर पहिल्यांदा दिसेल त्याच्या मागं लागतात हे लोरेन्झचं काम वाचून, आईला चिकटणं म्हणजे भुकेची सवय नाही, जीव वाचवायची सोय आहे असं मांडलं, १९६९ ला पुस्तक आलं.

उजव्या बाजूला मोह आवरा पण. ‘आदिमानवाच्या काळी असं असेल म्हणून’ ही गोष्ट कशालाही चिकटवता येते, तपासायची सोय नसेल तर पेन्सिलनं लिहा. आणि गॅल्टनचं विसरू नका, डार्विनचा हा नातलग माणसामाणसातले फरक मोजायला शिकवून गेला, पण चांगली वाईट पैदास ठरवायची सुप्रजननाची कल्पनाही त्याचीच, आणि तिच्या नावाखाली पुढं लोकांची जबरदस्तीनं नसबंदी झाली. उत्तरात हे लिहाच.

माझं आवडतं पान सापाचं. मी नागपंचमीसाठी नावाजलेल्या बत्तीस शिराळ्याच्या बाजूचा. डार्विननं लंडनच्या झूमध्ये काचेला तोंड लावून ठरवलं की साप अंगावर आला तरी हलायचं नाही, आणि साप झेपावताच मागं उडी मारली. मग भीती जन्मापासूनची का? सुसान मिनेकाच्या प्रयोगात लॅबमध्ये वाढलेल्या माकडांना साप बघून काही वाटायचं नाही, पण घाबरणारं दुसरं माकड बघितलं की लगेच शिकायची, फुलाबद्दल तसंच दाखवलं तर मात्र शिकायची नाहीत. म्हणजे भीती नाही, ती पटकन शिकायची तयारी रक्तात. भाची दीड वर्षाची असताना नागपंचमीला गावाकडं आणलेली, पाटावरच्या मातीच्या नागाकडं तिनं बघितलं आणि लगेच वळून माझ्या आईच्या तोंडाकडं. आई हात जोडून हसत होती. डावीकडं मी तेवढंच लिहिलंय, ‘नाग, मग आजी, मग नागाला हात लावला’.