स्पॅन कुठपर्यंत आहे?

ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) करून मी आरएफमध्ये, म्हणजे रेडिओ लहरींच्या कामात, लागलो ते ड्राइव्ह टेस्टला, गाडीतून फिरून नेटवर्क मोजायला. गाडीत लॅपटॉप, चार हँडसेट आणि दिवसभर त्याच रस्त्यांवरून फेऱ्या. उपग्रह आमच्या खिजगणतीतही नव्हता. ही समजूत मोडली 2023 च्या उन्हाळ्यात, तालुक्याच्या गावातल्या एका केबलवाल्या काकांच्या गच्चीवर.

काकांच्या हेडएंडपासून, म्हणजे उपग्रहाचे चॅनेल घेऊन केबलवर सोडतात तिथून, तीनेकशे मीटरवर एक टॉवर आहे. त्यावर 5जीचे अँटेना चढले आणि इकडे काकांच्या चॅनेलची चित्रं चौकोन चौकोन होऊन फुटायला लागली. काकांचं म्हणणं, दोष टॉवरचा. आमच्या, म्हणजे टॉवरवाल्या, लोकांचं म्हणणं, आम्ही परवान्यातल्या पट्ट्यातच आहोत, तुमची डिश जुनी झालीय. दोघंही खरं बोलत होते. मला हे कळायला तीन दिवस लागले.

2022 च्या लिलावात 5जीला 3300 ते 3670 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. केबलवाल्यांच्या मोठ्या डिश ज्या सी-बँडवर चालतात तो 3700 पासून 4200 पर्यंत. मध्ये 30 मेगाहर्ट्झ मोकळे. कागदावर कुणी कुणाच्या हद्दीत नाही. डिशच्या तोंडाशी बसलेला एलएनबी, म्हणजे सिग्नल वाढवून कमी फ्रिक्वेन्सीवर आणणारा डबा, हा पट्टा खाली उतरवतो, तोही उलटा करून. त्याचा स्थानिक दोलक (आतली ठरावीक फ्रिक्वेन्सी) 5150 चा आणि आलेला आकडा त्यातून वजा होतो, म्हणून 4200 चं होतं 950 आणि 3700 चं 1450. मी अॅनालायझर जोडला (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र), स्पॅन, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा पट्टा, 950 ते 1450 लावला आणि परका सिग्नल शोधत बसलो. काहीच नाही. उपग्रहाचे सगळे कॅरिअर, म्हणजे चॅनेल वाहून आणणारे सिग्नल, मात्र थोडे दबलेले. मग केबल तपासली, कनेक्टर बदलले, डिश पुन्हा नेमकी वळवून घेतली, नवा एलएनबी लावला. फरक शून्य. रिपोर्टमध्ये 'बाहेरचा अडथळा आढळला नाही' असं लिहूनही मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून सरांचा फोन आला. 'स्पॅन कुठपर्यंत आहे?'

'1450, सर.'

'1700 पर्यंत ने. आणि मॅक्स होल्ड लाव.'

3600 चा 5जी सिग्नल एलएनबीतून उतरतो तो 1550 ला, माझ्या स्क्रीनच्या जरासा बाहेर. स्पॅन वाढवल्यावर तिथे डोंगरच उभा राहिला. मॅक्स होल्ड, म्हणजे आतापर्यंतचा सगळ्यात उंच सिग्नल स्क्रीनवर धरून ठेवणं, लागतो कारण हा 5जी टीडीडी आहे. टॉवर थोडा वेळ बोलतो, थोडा वेळ ऐकतो, त्यामुळे साध्या स्वीपमध्ये डोंगर कधी दिसतो, कधी गायब होतो.

त्या रात्री लॉजवर सरांनी मला फोनवरूनच हिशेब मांडायला लावला. भूस्थिर उपग्रह 36 हजार किलोमीटरवर. 4 गिगाहर्ट्झला वाटेतला ऱ्हास सुमारे 196 डीबी (दर 10 डीबीला ताकद दहा पट बदलते). साडेतीन मीटरच्या डिशने 41 डीबी परत मिळवले तरी एका ट्रान्सपाँडरचा (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकाचा) सिग्नल एलएनबीपाशी पोचतो तो −85 डीबीएमच्या (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेल्या डीबीच्या) आसपास. टॉवरचा बीम डिशच्या बाजूने, चोरवाटेने शिरला तरी −25 च्या घरात. फरक 60 डीबी, म्हणजे दहा लाख पट. एलएनबी साधारण −60 लाच गुदमरायला लागतो. त्याला परवान्याची हद्द ठाऊक नसते, जे आत येईल ते तो वाढवत सुटतो. म्हणून फिल्टर लावायचा तो एलएनबीच्या आधी, फीड (डिशवरून आलेला सिग्नल गोळा करणारं तोंड) आणि एलएनबीच्या मध्ये. नंतर लावणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. आम्ही 3700 ते 4200 एवढंच आत सोडणारा वेव्हगाइड फिल्टर बसवला आणि चित्र स्थिर झालं. फिल्टरचे पैसे कुणी द्यायचे यावरचं भांडण त्यानंतर दोन महिने चाललं, पण ते इंजिनिअरिंग नव्हे.

हे इतकं लांबण लावून सांगितलं कारण या क्षेत्रात येणारी बहुतेक मुलं सुरुवात उलटीकडून करतात. आधी सिम्युलेशन, मशीन लर्निंग, मग कधीतरी डीबी. माझा आग्रह, पहिले दोन महिने फक्त लिंक बजेट, म्हणजे निघालेल्या सिग्नलचा पोचेपर्यंतचा जमाखर्च. एक्सेलमध्ये, स्वतःच्या हाताने. एकाच शीटवर उपग्रहाची बाजू आणि टॉवरची बाजू. आपल्या बाजूचा आकडा सगळ्यांनाच काढता येतो. समोरच्याच्या रिसीव्हरला काय ऐकू येतंय, हा रकाना भरता येणारी माणसं कमी आहेत.

आता हाच प्रश्न उलटा होऊन आलाय, कारण साधा मोबाइल थेट उपग्रहाशी बोलायला लागला आहे. 3जीपीपी या मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज 17 मध्ये त्याचे नियम आले. 600 किलोमीटरवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो. 2 गिगाहर्ट्झला डॉप्लर, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, 48 किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि सबकॅरिअरमधलं (सिग्नलच्या बारीक पट्ट्यांमधलं) अंतर असतं 15 चं. म्हणून फोनला स्वतःची जागा जीपीएसवरून आणि उपग्रहाची कक्षा एसआयबी19 या प्रसारित माहितीतून घेऊन आपली फ्रिक्वेन्सी आणि वेळ आधीच दुरुस्त करावी लागते. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

अमेरिकेत टी-मोबाइल आणि स्पेसएक्सने यासाठी निवडला तो 1900 च्या पट्ट्यातला 5 मेगाहर्ट्झचा जोड तुकडा (एक वर जायला, एक खाली यायला), जो टी-मोबाइलकडे जवळपास देशभर आहे. कारण सोपं आहे. वरून बीमची सावली कित्येक किलोमीटर पसरते आणि खालचे सगळे फोन उपग्रहाला एकदम ऐकू येतात. शेजारी दुसरा कुणी तोच तुकडा वापरत असेल तर सगळा गोंधळ. शेजारच्या पट्ट्यात सांडणाऱ्या सिग्नलवर एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) मार्च 2024 मध्ये −120 डीबीडब्ल्यू प्रति चौरस मीटर प्रति मेगाहर्ट्झ ही मर्यादा घातली. स्पेसएक्सने ती सैल करून मागितली, एटी अँड टी आणि व्हेरायझन या प्रतिस्पर्धी मोबाइल कंपन्यांनी विरोध केला, आणि मार्च 2025 मध्ये अटींसह −110.6 मंजूर झाली. दोन्ही बाजूंचे अर्ज खुले आहेत. ते जरूर वाचा. एकाच भौतिकशास्त्रातून दोन वेगळे निष्कर्ष कसे काढतात ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात इतकं स्वच्छ दिसत नाही. मला तर गच्चीवरचे काकाच आठवले.

ट्रॅफिकबद्दल थोडक्यात. टॉवरकडे 100 मेगाहर्ट्झ आणि त्याचा सेल किलोमीटरभराचा. उपग्रहाकडे 5, आणि खाली अख्खा तालुका. म्हणून सेल निवडीत उपग्रहाला अग्रक्रम सगळ्यात खालचा ठेवतात, आणि आधी मेसेज, बाकीचं नंतर. खरी परीक्षा पुरात. दहा टॉवर एकदम बसले की सगळे फोन एकाच क्षणी वर बघायला लागतात. तेव्हा कुणाला थांबवायचं आणि कुणाला आत घ्यायचं हे आधी ठरवलेलं नसेल तर कुणाचाच मेसेज जात नाही.

नोकऱ्या तीन ठिकाणी आहेत: ऑपरेटर, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या आणि उपग्रह कंपन्यांचे स्पेक्ट्रम विभाग. सरकारी वाटही आहे. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसमधून इंडियन रेडिओ रेग्युलेटरी सर्व्हिस मिळते. कॉलेजात तिचं नावही फारसं कुणी ऐकलेलं नसतं. वाचायला 3जीपीपीचे 38.811 आणि 38.821 हे अहवाल आणि आयटीयूची रेडिओ नियमावली घ्या. तिन्ही फुकट उतरवून घेता येतात.

हाताला काम हवं असेल तर एक आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, घ्या. तो 1.7 गिगाहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे घरच्या डीटीएच डिशच्या एलएनबीतून उतरलेला सिग्नल त्यावर दिसतो. त्याच केबलमधून सेट-टॉप बॉक्स वर 13 किंवा 18 व्होल्ट चढवतो, त्यामुळे मध्ये डीसी ब्लॉक (सिग्नल जाऊ देणारा पण व्होल्टेज अडवणारा जोड) लावल्याशिवाय डोंगल जोडू नका. माझा पहिला तसाच जळाला.