जारमधल्या नाहीतर बायनरीतल्या स्टॅटिक फाईल्स ॲप सर्व्हरवरूनच नीट कशा द्यायच्या

सीएसएस, जावास्क्रिप्ट, फॉन्ट, आयकॉन अशा सगळ्या स्टॅटिक फाईल्स (सगळ्यांना जशाच्या तशा दिल्या जाणाऱ्या) ॲपच्या पॅकेजमध्येच घालायच्या आणि सर्व्हरवर एकच जार (जावा ॲपचं पॅकेज) किंवा एकच बायनरी (थेट चालणारी तयार फाईल) टाकायची, ही पद्धत मला मनापासून आवडते. डिप्लॉयला एकच वस्तू हलते, रोलबॅक सरळ होतो. मग कोणीतरी म्हणतंच की फाईल्स देणं ॲप सर्व्हरचं काम नाही, पुढे एनजिनएक्स (वेगळा वेब सर्व्हर) लावा. लावा की, पण पुष्कळ ॲप्सना त्याची गरजच नसते, बिल्डच्या वेळी थोडं काम करून ठेवलं आणि हेडर (फाईलसोबत ब्राउझरला जाणारी माहिती) बरोबर दिले तर ॲप सर्व्हरकडे या फाईल्ससाठी फारशा रिक्वेस्ट येतच नाहीत.

आधी आत्ता काय चाललंय ते बघा. ब्राउझरमध्ये नेटवर्क टॅब उघडा, पेज एकदा लोड करा, मग लिंकवर क्लिक करून त्याच पेजवर परत या (रिफ्रेश दाबू नका, त्याने ब्राउझर वेगळं वागतो). दुसऱ्या वेळी फाईलसमोर ३०४ (बदल नाही, तुझ्याकडचीच वापर) दिसतंय की कॅशमधून आली असं दिसतंय, की परत २०० (फाईल नव्याने पाठवली) आणि पूर्ण साईझ? पूर्ण साईझ दिसत असेल तर प्रत्येक पेजला तीच फाईल पुन्हा पुन्हा ओढली जातेय.

पॅकेज केलेल्या फाईल्समध्ये हे फार सहज होतं. गो या भाषेचं उदाहरण घ्या. १.१६ व्हर्जनपासून एम्बेड आलं, फाईल्स थेट बायनरीत जातात, मस्त सोय आहे. पण एम्बेड केलेल्या फाईलला बदलल्याची तारीख नसते, ती शून्य असते, त्यामुळे स्टँडर्ड फाईल सर्व्हर लास्ट-मॉडिफाईड हेडर पाठवत नाही, आणि ईटॅग (फाईलच्या त्या कॉपीची ओळखखूण) तर तो स्वतःहून बनवतच नाही. म्हणजे ब्राउझरने "माझ्याकडे आहे तीच चालेल का" असं विचारायचं कशाच्या जोरावर? उपाय छोटा आहे, ॲप सुरू होताना प्रत्येक फाईलचा हॅश (कंटेंटवरून निघणारा छोटा कोड) काढून एका मॅपमध्ये ठेवा आणि फाईल द्यायच्या आधी तोच ईटॅग म्हणून लावा, पुढचं ३०४ चं काम लायब्ररी स्वतः करते.

आणि ईटॅग कंटेंटवरूनच काढा, फाईलच्या तारखेवरून नको. चार सर्व्हरवर चार वेगळ्या वेळी फाईल कॉपी झाली की तारखा वेगळ्या, ईटॅग वेगळे, लोड बॅलन्सरने (रिक्वेस्ट सर्व्हरमध्ये वाटणाऱ्याने) दुसऱ्या सर्व्हरवर पाठवलं की फाईल पुन्हा डाउनलोड.

पण ३०४ साठीसुद्धा एक फेरी होतेच. ती पण नको असेल तर फाईलच्या नावातच हॅश घाला, ॲप डॉट ९एफ३सी२ए डॉट जेएस असं काहीतरी. कंटेंट बदलला की नाव बदलतं, म्हणून या फाईल्सना बिनधास्त कॅश-कंट्रोल या हेडरमध्ये (फाईल किती वेळ साठवायची ते त्यात सांगतात) मॅक्स-एज ३१५३६००० (एक वर्षाचे सेकंद) आणि इम्यूटेबल (ही बदलणारच नाही) द्या. पायथनच्या जँगोमध्ये मॅनिफेस्ट स्टोरेज आणि व्हाईटनॉईज हे सगळं करून देतात, जावाच्या स्प्रिंग बूटमध्ये रिसोर्स चेनची कंटेंट स्ट्रॅटेजी चालू करायची. सीएसएसच्या आतमध्ये फॉन्टचे आणि इमेजचे जे पाथ असतात तेही नव्या नावांनी बदलले गेलेत का ते मात्र बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या एचटीएमएलमधून या नावांकडे बोट दाखवलंय त्याला कधीही वर्षभराचा कॅश देऊ नका. त्याला नो-कॅश द्या, म्हणजे साठवू नको असं नाही, वापरायच्या आधी दरवेळी विचार असा त्याचा अर्थ आहे. मी एकदा सगळ्या फोल्डरला सरसकट एक वर्ष लावलं, इंडेक्स फाईलसकट, आणि नवीन व्हर्जन गेल्यावर पंधरा दिवसांनीही लोक जुनाच फॉर्म भरत होते, आणि सर्व्हरवरून काहीच करता येत नव्हतं कारण त्यांचा ब्राउझर आमच्याकडे विचारायलाच येत नव्हता. प्रत्येकाला फोनवर कॅश साफ करायला सांगत बसलो. तेव्हापासून हे हेडर मी स्वतः तपासल्याशिवाय डिप्लॉय करत नाही.

कॉम्प्रेशन रिक्वेस्टच्या वेळी करू नका. ब्रॉटली या कॉम्प्रेशनची ११ लेव्हल छान दाबते पण हळू आहे, बिल्डमध्ये एकदाच चालवायला ठीक. प्रत्येक फाईलची जीझिप आणि ब्रॉटली कॉपी शेजारी ठेवा, ब्राउझरच्या ॲक्सेप्ट-एन्कोडिंगप्रमाणे (त्याला कोणतं कॉम्प्रेशन चालतं ते) योग्य ती द्या आणि व्हेरी हेडर (कॉपी कशाप्रमाणे बदलते ते सांगणारा) विसरू नका, नाहीतर मधला एखादा कॅश नको त्याला नको ती कॉपी देईल. जेपेग, पीएनजी, वॉफ२ यांना हात लावू नका, त्या आधीच दाबलेल्या आहेत.

जारवाल्यांसाठी अजून एक, जार म्हणजे झिपच, आतली फाईल वाचायची तर बहुतेक वेळा आधी उलगडावी लागते आणि डिस्कवरची साधी फाईल ऑपरेटिंग सिस्टिम जशी परस्पर सॉकेटवर पाठवू शकते तसं इथे होत नाही. छोट्या फाईल्स सुरुवातीलाच मेमरीत घ्या, मोठे व्हिडिओ वगैरे जारमध्ये ठेवूच नका.

मिडलवेअरचा (रिक्वेस्टवर मधे चालणाऱ्या कोडचा) क्रम पण बघाच. स्टॅटिक फाईलची रिक्वेस्ट लॉगिन, सेशन, डेटाबेस सगळ्यातून फिरून येत असेल तर तो फुकटचा खर्च आहे, वर सेशनने सेट-कुकी चिकटवली की पुढचा सीडीएन (फाईल्स साठवून वाटणारं बाहेरचं नेटवर्क) ती फाईल बहुधा कॅशच करणार नाही. स्प्रिंग सिक्युरिटी तर, तुम्ही स्वतःचं कॅश-कंट्रोल दिलं नसेल तर, नो-स्टोअर (अजिबात साठवू नको) लावून मोकळी होते, अनेकांचा कॅश इथेच जातो.

डिप्लॉय चालू असताना काही सर्व्हर जुने, काही नवे असतात, जुनं पेज उघडलेला माणूस जुन्या हॅशची फाईल मागतो आणि ती नव्या पॅकेजमध्ये नसते. म्हणून मागच्या एकदोन बिल्डच्या फाईल्स नव्या पॅकेजमध्येही ठेवा, रोलिंग डिप्लॉय (एकेक सर्व्हर बदलत जाणं) असेल तर नव्या फाईल्स आधी सगळीकडे पोचवा आणि मग नवं एचटीएमएल द्या. आणि न सापडलेल्या जेएस फाईलला खरा ४०४ द्या, सिंगल पेज ॲपच्या सवयीने इंडेक्सचं एचटीएमएल परत करू नका. कन्सोलमध्ये "अनएक्सपेक्टेड टोकन" आणि पुढे एक लेस-दॅनचं चिन्ह दिसलं की समजा जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल आलंय. त्याला चुकून वर्षभराचं हेडर लागलं तर त्या माणसाच्या ब्राउझरमध्ये ते तसंच राहणार.

डिप्लॉय झाल्यावर कर्ल या कमांडने तीन गोष्टींचे हेडर मागवून बघा, एक हॅशवाली फाईल, एक इंडेक्स आणि एक मुद्दाम चुकीचं नाव. पहिल्यात इम्यूटेबल, दुसऱ्यात नो-कॅश, तिसऱ्यात ४०४ आणि लांबचा कॅश नाही. हे डिप्लॉय स्क्रिप्टमध्येच टाकून द्या, दोन मिनिटांचं काम आहे.