मका शिकवताना ओलाव्याला बगल देऊ नका

‘मक्याचे उपयोग’ असा रंगीत तक्ता भिंतीला टांगला की धडा झाला, असं मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. पॉपकॉर्न, स्वीटकॉर्न, कॉर्नफ्लेक्स ही यादी मुलांना आपल्याआधी पाठ असते. सातवी-आठवीच्या वर्गाला मका नीट शिकवायला चार तासिका पुरतात.

पहिली तासिका कणसाची. सुटे दाणे नकोत. दर चार-पाच मुलांत एक कणीस द्या, पानांसकट. आतला एकेक केस एकेका दाण्याचा असतो. तुऱ्यावरचा पराग त्या केसाला मिळाला नाही तर तिथला दाणा भरतच नाही. म्हणून अधेमधे दाणे न भरलेलं एखादं कणीस मुद्दाम निवडून आणा. भाजीवाल्याने ते बाजूलाच सारलेलं असतं. दाण्यांच्या ओळी मोजायला लावा. संख्या समच का येते, यावर वर्ग आपणहून भांडतो.

इतिहास एका तासिकेत आटपा. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत, बाल्सास नदीच्या खोऱ्यात, लोकांनी तिओसिंटे नावाच्या गवतातून निवडत निवडत मका घडवला. त्या गवताला कठीण कवचातले जेमतेम पाच ते बारा दाणे. फळ्यावर काढून दाखवा. १४९२ नंतर मका युरोपात गेला. तिकडे मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका उचलला, चुना मागेच ठेवला, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार, पसरला. एवढी गोष्ट मुलं विसरत नाहीत.

उपयोगांना दहा मिनिटं: कोंबडीखाद्य, स्टार्च, इथेनॉल. बस.

खरी अडचण व्यापाराची. बहुतेक ठिकाणी शेतकरी-व्यापारी असं नाटुकलं बसवतात, लिलाव रंगतो, आरडाओरडा होतो आणि भाव कुठून आला हे कोणालाच कळत नाही. भाव शिकवायचा तर ओलावा शिकवा. दोन डब्यांत दाणे आणा, एक ओला, एक कडक वाळलेला. डबा हलवला की आवाजातच फरक कळतो. दाणे पेरणीच्या पिशवीतले मात्र अजिबात आणू नका. त्या रंगीत दाण्यांना औषध लावलेलं असतं, आणि मुलं हातातलं तोंडात घालतातच.

आता गणित. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो मका १४ टक्क्यांपर्यंत वाळवला, किती उरेल? सगळा वर्ग ९४ म्हणतो. लगेच दुरुस्त करू नका. त्यात कोरडा माल किती, एवढंच विचारा. ८० किलो, तो वाळवून घटत नाही. वाळल्यावर हाच ८० किलो म्हणजे एकूण वजनाचे ८६ टक्के. भागाकार केला की ९३ येतात. खरीप २०२५-२६ च्या क्विंटलला २,४०० रुपये हमीभावाने त्याचे झाले २,२३२. दारात आलेला व्यापारी ओल्याच क्विंटलला २,१०० देतोय. द्यायचा की वाळवायचा? वाळवायला जागा हवी, मजुरी हवी आणि वर आभाळ भरून आलेलं. इथे वर्ग दोन तट पडून बोलू लागतो, त्याला बोलू द्या. हमीभाव म्हणजे बाजारभाव नव्हे, हे मात्र आधीच बजावा. लिलावात त्याखालीही बोली जाते.

व्यापाऱ्याला खलनायक करू नका. ओल्या मक्याला बुरशी लागते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष कोंबड्यांना बाधतं, म्हणून पुढचा गिऱ्हाईक कोरडाच माल मागतो. पण ओलावा मीटरवर मोजून दाखवा म्हणायचा शेतकऱ्याचा हक्कही तितक्याच ठामपणे सांगा.

जगाचा व्यापार शेवटी, थोडक्यात: जगातला साधारण एक तृतीयांश मका अमेरिका पिकवते, आणि शिकागोच्या वायदेबाजारात तो ५६ पौंडांच्या बुशेल या मापाने मोजतात. किलोत रूपांतर मुलांनी करावं.

गृहपाठ म्हणून जवळच्या बाजार समितीचा मक्याचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव आठवडाभर वहीत उतरवायला सांगा. एकाच दिवशी दोन भावांत एवढी तफावत का, याला ‘व्यापारी लुटतात’ एवढंच उत्तर आलं, तर ९३ किलोंचं गणित त्याच मुलाला फळ्यावर मांडायला लावा.