मालिकेत जाऊबाई, नणंद, मैत्रीण: सहायक भूमिकेत नव्याने येणाऱ्यांसाठी

मराठी मालिकांचे बरेच सेट ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, मीरा रोडच्या बाजूला किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत असतात. ऑडिशन मात्र आता बहुतेक वेळा मोबाईलवरच मागवतात. फोन आडवा धरायचा, पाठीमागे साधी भिंत, उजेड समोरून. आधी इंट्रो: नाव, उंची, कोणत्या वयाची भूमिका शोभेल, मग डावी-उजवी प्रोफाइल आणि दोन्ही हात. ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले, तर विषय तिथेच संपवावा.

वयाचं उत्तर विचार करून द्या. रीमा लागू 1989 साली 'मैंने प्यार किया'मध्ये सलमान खानची आई झाल्या, तेव्हा त्यांचं वय होतं 31. पुढे हिंदीत आईच्याच भूमिका येत राहिल्या. छाप लवकर पडते, पुसायला वेळ लागतो.

सेटवर खरी परीक्षा संवादांची नसते, कारण ते तुमच्या वाट्याला थोडेच येतात. दिवाणखान्यातला सीन घ्या. आठ माणसं उभी, नायिका बोलतेय, तुम्ही चहाचा ट्रे घेऊन आत येता. आधी मास्टर होतो, म्हणजे सगळा सीन एकाच रुंद फ्रेममध्ये, मग एकेकाचे क्लोज, म्हणजे चेहऱ्याजवळून घेतलेले शॉट. मास्टरमध्ये ट्रे कोणत्या शब्दावर टेकवला, कोणत्या हाताने पदर सावरला, मान कुणाकडे वळली, हे क्लोजमध्ये जसंच्या तसं यायला हवं. नाहीतर एडिटर तुमचा क्लोज वापरतच नाही आणि दोन तास उभं राहून पडद्यावर तुमची नुसती पाठ दिसते. म्हणून मास्टरमध्ये हालचाली मोजक्याच ठेवा. हौसेने चार गोष्टी केल्यात, तर त्या चारही लक्षात ठेवाव्या लागतील.

रिअ‍ॅक्शनचंही तेच. समोरचा बोलत असताना भुवया उडवत बसलात, तर ते खोटं दिसतं. ऐकायचं, आणि कोणत्या शब्दावर आपल्याला टोचलं ते ठरवायचं. त्या शब्दावर नजर फिरली की पुष्कळ झालं. आपला क्लोज झाला की मोबाईल काढून बसू नका. दुसऱ्या अभिनेत्रीच्या क्लोजला कॅमेऱ्याशेजारी उभं राहून क्यू द्या, म्हणजे तिच्यासाठी आपले संवाद बोला. उद्या तीही तुमच्यासाठी उभी राहील.

कपड्यांवर लावलेला छोटा लेपल माईक मंगळसूत्राला घासला की खरखर येते आणि टेक वाया जातो. काचेच्या बांगड्यांचंही तसंच. साऊंडवाल्याला आधीच विचारून घ्या. सीन संपताच दागिने, टिकली, पदराच्या निऱ्या यांचा फोटो काढून ठेवा, कारण त्याच सीनचा उरलेला भाग चार दिवसांनीही लागू शकतो. कंटिन्युइटी असिस्टंट असतो खरा, पण त्याच्याकडे आठ माणसं असतात.

मानधन सहसा पर डे ठरतं. नुसत्या आकड्यावर खूश होऊ नका. महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे, शिफ्ट 12 तासांची की जास्त, प्रवासखर्च वेगळा मिळतो का, दुसरं काम करायची मुभा आहे का, हे करारात लिहून घ्या. तुमचा ट्रॅक, म्हणजे कथेतला तुमचा धागा, थंड पडला की सहायक पात्रच आधी घरी बसतं आणि हमी नसेल तर महिना कोरडा जातो. पैसे अनेकदा दोन-तीन महिन्यांनी येतात, त्यातून साधारण 10 टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापलेला असतो. तो आपल्या पॅनवर जमा झालाय का ते पाहावं. कॉल टाइम (बोलावलेली वेळ), सेटवर पोहोचल्याची वेळ आणि पॅकअप रोज डायरीत लिहा. बिलात एखादा दिवस कमी भरला, तर प्रॉडक्शनला दाखवायला तीच वही उपयोगी पडते.