चाळीस फूट म्हणजे इशारा

शाळेत समुपदेशक म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहितेय. २०१९च्या महापुरानंतर सांगलीत, कृष्णाकाठच्या एका शाळेत मी मुलांचे गट घेतले. पहिल्याच दिवशी सगळ्यांना पुराचं चित्र काढायला सांगितलं. एक मुलगी कागदभर तपकिरी खडू फिरवत राहिली. अवाक्षर बोलली नाही आणि पुढच्या आठवड्यात आलीच नाही. चूक माझी होती. आठवण उघडायच्या आधी ती सोसायचं बळ मुलाच्या हाती द्यावं लागतं. शिकताना हे वाचलं होतं, तरी मी घाई केली.

आघातातून गेलेल्या मुलांना सावरायला अमेरिकेत खास शाळांसाठी तयार झालेली 'सीबिट्स' (CBITS) ही पद्धत नीट अभ्यासा. सहा ते आठ मुलांचा गट, दहा तासिका. आघातानंतर शरीर-मन असं का वागतं हे आधी समजवायचं, श्वास आणि अंग सैल सोडणं शिकवायचं. मग भीतीचे विचार तपासायचे, टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जायचं. काय गुदरलं ते सविस्तर सांगणं मात्र एकेकट्याच्या भेटीत. पालकांच्या आणि शिक्षकांच्या बैठकाही त्यातच येतात, त्या गाळू नका.

या पद्धतीत भीती मोजायला थर्मामीटर असतो, शून्य ते दहा. आमच्या मुलांना तो काही रुचेना. सातवीतला एकजण म्हणाला, "ताई, फुटात सांगू का?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजतात ती पाण्याची पातळी इथल्या पोरांना तोंडपाठ: ४०ला इशारा, ४५ला धोका. मी फळ्यावर पुलाचा खांब काढला. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की हाच मुलगा उठून दप्तर कपाटावर ठेवायचा. त्या दिवशी ठेवलं आणि म्हणाला, "बेचाळीस." सगळ्यांनी मिळून सावकाश श्वास सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. "अडतीस." दप्तर वरच होतं. मी राहू दिलं.

खोली अशी मागा, जिथून कुणाची ये-जा नसेल. 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन मुलांना कधीच देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते कळवावंच लागतं. जीव द्यायची भाषा, झोप पार उडणं असं दिसलं तर पालकांशी बोलून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा, गटावर विसंबू नका.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या मुलांसाठी एक तासिका राखून ठेवा. नदी चढायला लागली की ती दाराशी येतात, फूट सांगतात आणि वर्गात जातात.