ऑटोक्लेव्हमधून काढलं म्हणजे निर्जंतुक झालं? दातांच्या ओपीडीत या चुका टाळा

पहिला नंबर ओल्या पाऊचचा, म्हणजे ज्यात उपकरणं भरून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) ठेवतात त्या कागद-प्लास्टिकच्या पिशव्यांचा. ओपीडी सुरू व्हायला दहा मिनिटं उरलेली असतात आणि कोणीतरी वाळवण बंद करून वाफाळते पाऊच थेट ड्रॉवरमध्ये टाकतं. कागद इतका ओला की आतल्या प्रोबचा आकार वर उमटलेला. ओला कागद जंतू अडवत नाही. हातावरचे, ड्रॉवरमधले जंतू पाण्याबरोबर आत शिरतात. उपाय एकच: उपकरणं नव्या पाऊचमध्ये भरा आणि सायकल पुन्हा लावा. वाळवण हा सायकलचाच भाग आहे, तो कापायचा नाही.

मुळात पाऊच ओले राहतात ते बहुतेकदा ट्रे ठासून भरल्यामुळे. आत हवा अडकते, वाफ पोचत नाही. पाऊच एकावर एक रचू नका. कडेवर उभे ठेवा, एकाचा कागद दुसऱ्याच्या प्लास्टिककडे. फोर्सेप्स आणि कात्र्या उघड्या. उपकरणावर सिमेंट किंवा वाळलेलं रक्त असेल तर त्याखाली वाफ लागतच नाही, म्हणून घासणं आधी, तेही जाड रबरी ग्लोव्हज घालून. आणखी एक, 134 अंशांची 3-4 मिनिटं चेंबर तेवढा तापल्यावर मोजायची असतात, बटण दाबल्यापासून नाही.

पाऊचवर लावलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवरचे पट्टे काळे झाले म्हणजे पाऊचला उष्णता लागली, एवढंच. जंतू मेले का, हे आठवड्याच्या स्पोअर टेस्टमधून (चिवट जंतूंचे बीजाणू सायकलमध्ये ठेवून ते मेले का हे पाहायची चाचणी) कळतं. ती ‘पुढच्या आठवड्यात लावू’ म्हणून टाळणं अक्षम्य आहे.

हँडपीस (दात कोरायचं ड्रिल) स्पिरिटने पुसून पुढच्या पेशंटला वापरणं बंद करा. थांबताना तो तोंडातलं पाणी आणि लाळ आत ओढू शकतो, पुसून ते निघत नाही. प्रत्येक पेशंटनंतर 20-30 सेकंद पाणी आणि हवा सोडा, मग काढून साफ करा, तेल द्या आणि ऑटोक्लेव्ह करा.

ग्लोव्हज घालून मोबाईल, पेन, ड्रॉवरची मूठ: नाही म्हणजे नाही.

आता सुई. भूल अर्धी दिलेली, दुसरा डोस लागणार, म्हणून डाव्या हातात टोपण धरून सुई त्यात घालायची. नवशिक्यांना सुई टोचते ती इथेच. टोपण ट्रेवर आडवं ठेवा, एका हाताने सुई त्यात सरकवा, टोपण सुईवर आलं की मगच बुडाशी धरून घट्ट बसवा. दुसरा हात पाठीमागे ठेवायची सवय लावून घ्या.

टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच लावू नका. पेशंट संपेपर्यंत थांबू नका आणि ओरडा बसेल म्हणून लपवू तर मुळीच नका. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या काही तासांत सुरू व्हायला हवं. 72 तासांनंतर उपयोग नाही. हिपॅटायटिस बीचे 0, 1, 6 महिन्यांचे तीन डोस क्लिनिकल पोस्टिंगआधी पूर्ण हवेत, आणि शेवटच्या डोसनंतर 1-2 महिन्यांनी टायटर (रक्तातल्या संरक्षक प्रतिपिंडांचं प्रमाण) तपासा. तो 10 mIU/mL च्या खाली आला तर लस घेऊनही संरक्षण मिळालंय असं धरता येत नाही.