डीव्हीडीवरून लिनक्स टाकताना अडकलात? हार्डडिस्क बदलू नका, आधी 'एसआर०' बघा

जुना डेस्कटॉप पेनड्राइव्हवरून बूट होईना म्हणून डीव्हीडी राइट केली. लोगो आला, भाषा निवडली, पार्टिशन (हार्डडिस्कचे भाग पाडणं) झालं आणि फायली कॉपी होताना गाडी मध्येच ठप्प. इथं बहुतेक नवखे 'हार्डडिस्क गेली' म्हणतात आणि नवी आणायला थेट संभाजीनगर गाठतात. थांबा जरा.

लाइव्ह डेस्कटॉपवर, म्हणजे इन्स्टॉल न करता डीव्हीडीवरूनच चालणाऱ्या लिनक्समध्ये, टर्मिनल उघडून 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg) द्या, सिस्टिमच्या नोंदींचा लॉग दिसेल. डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये हाच लॉग चौथ्या कन्सोलवर, म्हणजे कंट्रोल-आल्ट-एफ४ वर दिसतो. 'आय/ओ एरर' हे शब्द बघून घाबरू नका, त्यांच्या शेजारचं नाव वाचा. 'एसआर०' (sr0) म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह, 'एसडीए' (sda) म्हणजे हार्डडिस्क. एरर एसआर० ची असेल तर हार्डडिस्कचा काही दोष नाही; डिस्क नीट वाचली जात नाहीये, एवढंच. 'स्क्वॅशएफएस (squashfs) एरर', म्हणजे डिस्कवरची कॉम्प्रेस केलेली फाईल वाचताना आलेली एरर, दिसली तरी पहिला संशय डिस्कवरच घ्या. एरर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी येत असेल, तर मात्र रॅम 'मेमटेस्ट' या प्रोग्रॅमनं तपासा.

मग बूट कसं झालं? बूट व्हायला डिस्कवरचा थोडाच भाग वाचावा लागतो. इन्स्टॉल करताना मात्र एक भलीमोठी कॉम्प्रेस केलेली फाईल अख्खी वाचली जाते. डीव्हीडी आतून बाहेर राइट होते आणि बोटांचे ठसे, धूळ, ओरखडे बाहेरच्या कडेलाच जास्त असतात. आमच्याकडं उन्हाळ्यात उघड्या खिडकीशेजारी ठेवलेल्या ड्राइव्हच्या लेन्सवर किती धूळ बसते, ते सांगायला नको.

आयएसओ फाईलचा (डाउनलोड केलेल्या डिस्क इमेजचा) एसएचए२५६, म्हणजे फाईल तपासायचा आकडा, वेबसाइटवरच्याशी जुळला म्हणजे डिस्क चांगली, हा सगळ्यात महागात पडणारा समज. तो आकडा डाउनलोड झालेल्या फाईलचा, राइट झालेल्या डिस्कचा नव्हे! दोन्ही वेगवेगळं तपासा. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' (certutil) या कमांडनं फाईल तपासा, राइट करताना 'व्हेरिफाय' वर टिक करा आणि बूट मेन्यूत मीडिया तपासायचा पर्याय असेल तर तोही चालवा. दहा-पंधरा मिनिटं जातील, जाऊ द्या. वेग ४एक्स ठेवा. १६एक्सनं चार मिनिटं वाचवायची आणि दोन दिवस डोकं धरून बसायचं, हा कसला शॉर्टकट? डिस्क पुसायची तर मऊ कापडानं मधून कडेकडे, गोल फिरवून नाही.

राइट झाल्यावर डिस्क उघडून बघा. आत एकच आयएसओ फाईल दिसली, तर तुम्ही डेटा कॉपी केलाय, इमेज राइट केलेली नाही. ती बूट होणारच नाही. साइजही आधी बघा: साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं आणि विंडोज तेच ४.३८ दाखवतं. उबुंटू २४.०४ हे लिनक्स त्यात बसत नाही. मिंट २२ हे दुसरं लिनक्स बसतं. डेबियनचं नेटइन्स्ट, म्हणजे बाकीचं सगळं नेटवरून उतरवणारी छोटी इमेज, तर सहज मावतं, पण मग नेट चांगलं हवं.

बूटनंतर स्क्रीन काळी पडली तर मेन्यूत 'ई' दाबा, 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (nomodeset) जोडा आणि एफ१० दाबा. बरेचदा तेवढ्यानं भागतं.

'सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारं बायोसमधलं सेटिंग) आधी बंद कर' असं सांगणारे दादा प्रत्येक गल्लीत भेटतील. उबुंटू, मिंट आणि डेबियन ते चालू असतानाही बूट होतात. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय बायोसला हात लावू नका. आणि 'इरेज डिस्क' म्हणजे विंडोज, फोटो, प्रोजेक्ट, सगळं साफ. तिथं नीट विचार करूनच पुढं जा.

लाईटचा भरवसा नसेल तर डेस्कटॉपला यूपीएस लावा. घरचा इन्व्हर्टर चालू होताना मशीन रिस्टार्ट होऊ शकतं. पार्टिशन चालू असताना लाईट गेली तर सगळं परत पहिल्यापासून.

इन्स्टॉल झाल्यावर डेबियन काही टाकताना पुन्हा डिस्क मागू लागलं, तर बिघाड समजू नका. 'ईटीसी' मधल्या 'एपीटी' फोल्डरात 'सोर्सेस डॉट लिस्ट' (/etc/apt/sources.list) उघडा आणि 'सीडीरॉम' (cdrom) असलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका. खाली नेटवरच्या सर्व्हरची ओळ आहे ना तेवढं बघा, मग 'सुडो एपीटी अपडेट' (sudo apt update) द्या.